640 पट फरक, आणि तो सगळ्यात खालच्या ओळीत: एका स्लाइडचं प्रकरण

ऑफिसातल्या प्रेझेंटेशनबद्दल जे सल्ले फिरत असतात ते बहुतेक दिसण्याबद्दलचे असतात, म्हणजे फॉन्ट मोठा ठेवा, रंग कमी वापरा, एका स्लाइडवर पाचच ओळी, वाचून दाखवू नका वगैरे. त्यात चूक काही नाही. पण स्लाइड नीटनेटकी असून, माहिती खरी असून, बनवणारी माणसं हुशार आणि प्रामाणिक असूनही समोरच्याला नेमकं उलटं समजू शकतं, आणि ते कसं होतं हे बघायला मला एक प्रकरण फार मोलाचं वाटतं. नासाचं, 2003 सालचं. कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या कोलंबियाचं. अपघाताबद्दल बहुतेकांना माहीत असतं, पण अपघाताच्या साधारण आठवडाभर आधी एक प्रेझेंटेशन झालं होतं आणि त्यातली एक स्लाइड पुढे चौकशी मंडळाच्या रिपोर्टमध्ये स्वतंत्र चर्चेचा विषय झाली, हे कमी जणांना माहीत असतं. इथे त्याच एका स्लाइडबद्दल लिहितोय, जरा सविस्तर.

आधी परिस्थिती

16 जानेवारी 2003 ला कोलंबिया उडालं. उड्डाणानंतर सुमारे 82 सेकंदांनी बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी उड्डाणाची फिल्म तपासताना हे लक्षात आलं, पण तुकडा पंखावर नेमका कुठे लागला आणि काय नुकसान झालं हे फिल्मवर स्पष्ट दिसत नव्हतं. मग इंजिनिअरांची एक टीम बसवली गेली. त्यांच्यापुढचा प्रश्न म्हटलं तर एकच होता. परत येताना यान वातावरणात शिरतं तेव्हा प्रचंड उष्णता तयार होते, ती उष्णता हा मार लागलेला पंख सहन करेल का?

टीमकडे हातात काय होतं? क्रेटर नावाचं एक गणिती मॉडेल होतं. यानाच्या अंगावर उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्स असतात, त्यांच्यावर काही आदळलं तर खड्डा किती खोल पडेल हे ते मॉडेल सांगायचं. जुन्या चाचण्यांमध्ये फोमचे लहान तुकडे टाइल्सवर मारून बघितले होते आणि त्यावरून मॉडेल बेतलेलं होतं. यानाचे जास्त स्पष्ट फोटो मिळावेत म्हणून इंजिनिअरांनी वेगवेगळ्या मार्गांनी मागणीही केली होती, लष्कराच्या कॅमेऱ्यांनी कक्षेतल्या यानाचे फोटो काढता येतात म्हणून. ती मागणी 22 जानेवारीला वरच्या पातळीवर रद्द झाली. म्हणजे आता टीमकडे उरलं होतं ते मॉडेल, जुन्या चाचण्या आणि स्वतःचा अनुभव.

24 जानेवारीला सकाळी टीमने आपलं विश्लेषण सादर केलं. खोली इतकी भरलेली होती की काही इंजिनिअर बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे होते. ज्या मॅनेजरपुढे हे सादर झालं त्यांनी त्याच सकाळी मोहिमेच्या मुख्य व्यवस्थापन बैठकीत त्याचा सारांश तोंडी सांगितला, आणि तिथे निष्कर्ष निघाला की सुरक्षिततेचा प्रश्न नाही, यान परत आल्यावर दुरुस्तीचं काम वाढेल एवढंच. 1 फेब्रुवारीला उतरायला साधारण सोळा मिनिटं राहिली असताना कोलंबिया टेक्सासच्या आकाशात तुटलं. सातही अंतराळवीर गेले.

आता ती स्लाइड

स्लाइडचं शीर्षक साधारण असं होतं: चाचण्यांच्या माहितीचा आढावा घेतल्यावर असं दिसतं की टाइलमध्ये शिरण्याचा अंदाज सावध बाजूला झुकलेला आहे.

इथे सावध बाजूला झुकलेला म्हणजे काय, तर मॉडेल प्रत्यक्षापेक्षा जास्त नुकसान दाखवतं. इंजिनिअरच्या भाषेत ही चांगली गोष्ट, कारण अंदाज चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकेल.

शीर्षकाखाली बुलेट. पहिल्या पायरीवर लिहिलंय की मॉडेल बनवताना वापरलेला चाचण्यांचा डेटा पुन्हा तपासला. त्याच्या आत, मॉडेलने टाइलच्या वरच्या कडक थरात तुकडा शिरण्याचा अंदाज बराच जास्त दाखवला. त्याच्या आत, सुरुवातीला आत शिरणं हे काटकोनातल्या वेगावर अवलंबून असतं. त्याच्याही आत, हे तुकड्याच्या आकारमानानुसार बदलतं, उदाहरणार्थ 3 घन इंचासाठी 200 फूट प्रति सेकंद. मग परत एक पायरी वर, मऊ फोमला कडक थर फोडायला बरीच ऊर्जा लागते. खाली, पुरेसं वस्तुमान आणि वेग असेल तर ते होऊ शकतं असं चाचण्यांत दिसलंय. मग, एकदा थर फुटला की फोम बरंच नुकसान करू शकतो. खाली, ऊर्जेत थोडासा फरक पडला तरी टाइलचं बरंच नुकसान होऊ शकतं.

आणि मग, सगळ्यात शेवटी, दोन ओळी. उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या डेटाच्या बरीच बाहेर आहे. त्याच्या आत, तुकड्याचं आकारमान 1920 घन इंच, चाचणीत 3 घन इंच.

संपली स्लाइड.

1920 भागिले 3 म्हणजे 640. हा 640 आकडा स्लाइडवर कुठेही नाही, तो वाचणाऱ्याने स्वतः काढायचा. घन इंच डोक्यात बसत नाहीत म्हणून आपल्या मापात सांगतो, 1920 घन इंच म्हणजे साधारण 31 लिटर आणि 3 घन इंच म्हणजे जेमतेम 50 मिलिलिटर. (चौकशी मंडळाने नंतर तुकड्याचा आकार थोडा कमी धरला, तरीही तो चाचणीतल्या तुकड्याच्या चारशे पट निघाला, म्हणजे मुद्दा तसूभरही बदलत नाही.) तर 50 मिलिलिटरच्या तुकड्यांवर बेतलेलं मॉडेल 31 लिटरच्या तुकड्याबद्दल काय सांगतंय याला किती किंमत द्यायची, हा त्या सकाळचा खरा प्रश्न होता, आणि तो स्लाइडच्या तळाशी, आत सरकवलेल्या एका ओळीत, लहान अक्षरात होता.

या स्लाइडचं विश्लेषण माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलं आणि चौकशी मंडळाने ते ऑगस्ट 2003 च्या आपल्या रिपोर्टमध्ये घेतलं. मंडळाचं म्हणणं असं की एखादा वरिष्ठ मॅनेजर ही स्लाइड वाचून, हा जीव जाण्याशी संबंधित विषय आहे हे लक्षात न घेताच पुढे जाऊ शकतो, हे सहज समजण्यासारखं आहे.

नेमकं तुटलं कुठे

बरेच जण या प्रकरणातून एवढंच घेतात की महत्त्वाचा मुद्दा वर लिहा. ते बरोबरच आहे, पण मला वाटतं खरी गोष्ट त्याच्या एक पायरी खाली आहे. स्लाइडवरची सगळी वाक्यं सुटी सुटी खरी आहेत. एकही खोटं नाही. बिघाड आहे तो वाक्यांच्या मधल्या जागेत.

टीमचा युक्तिवाद सलग लिहिला तर काय होतो बघा. मॉडेल म्हणतंय की तुकडा टाइलमध्ये खूप खोल जाईल (आणि प्रत्यक्षात मॉडेलने तसंच दाखवलं होतं, टाइलच्या जाडीपेक्षाही खोल). पण जुन्या चाचण्यांमध्ये मॉडेलने नेहमी जास्तच नुकसान दाखवलंय. म्हणून प्रत्यक्षातलं नुकसान मॉडेल म्हणतंय त्यापेक्षा कमी असेल. पण त्या जुन्या चाचण्या या तुकड्याच्या 640 पट लहान तुकड्यांच्या होत्या. म्हणून मॉडेल नेहमी जास्त दाखवतं हे या तुकड्याबद्दल आपल्याला म्हणता येत नाही. म्हणजे दिलासा देणारी गोष्टच मुळात हातात नाही.

हे असं लिहिलं की शेवटचा 'पण' पहिल्या 'म्हणून'ला पुसून टाकतो हे शाळेतल्या मुलालाही दिसेल. स्लाइडवर मात्र ते दिसत नाही, कारण बुलेटमध्ये 'पण' आणि 'म्हणून' लिहावेच लागत नाहीत. एक ओळ, तिच्याखाली दुसरी ओळ, आणि त्यांचं एकमेकींशी नातं काय हे वाचणाऱ्याने ठरवायचं. खालची ओळ वरच्या ओळीचं कारण आहे का, उदाहरण आहे का, अपवाद आहे का, की वरच्या ओळीला खोटं पाडणारी आहे? या चारही गोष्टी बुलेटमध्ये अगदी सारख्या दिसतात. आत सरकवलेली ओळ दिसायला नेहमी वरच्या ओळीचा तपशील वाटते. इथे तळाची ओळ तपशील नव्हती, ती शीर्षकाला रद्द करणारी होती.

आणि रद्द करणारी ओळ सगळ्यात शेवटी का आली? मला वाटतं याचं उत्तर साधं आहे, टीमने काम ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने लिहिलं. आधी जुना डेटा काढला, मग मॉडेलशी ताडून बघितला, मग आत शिरण्याचं भौतिकशास्त्र, मग नुकसानाचं, आणि शेवटी आपला तुकडा कुठे बसतो ते. काम करणाऱ्याच्या डोक्यात गोष्टी अशाच क्रमाने येतात आणि त्याला तो क्रम नैसर्गिक वाटतो. ऐकणाऱ्याला मात्र त्या प्रवासात रस नसतो, त्याला अर्ध्या तासाने दुसऱ्या मीटिंगमध्ये जाऊन हो किंवा नाही म्हणायचंय. त्यामुळे तो शीर्षक वाचतो, पहिल्या दोन ओळी वाचतो आणि मान डोलावतो. फोम लागणं ही तशी नेहमीची गोष्ट आहे, देखभालीचा विषय आहे असं त्या संस्थेत आधीच वाटत होतं, ऑक्टोबर 2002 च्या उड्डाणातही फोमचा तुकडा सुटून बूस्टरला (उड्डाणाला जोर देणाऱ्या बाजूच्या रॉकेटला) लागला होता आणि त्यानंतरही उड्डाणं चालूच राहिली होती. म्हणजे समोरच्यांच्या मनात उत्तर तयार होतं आणि शीर्षकाने त्यावर शिक्का मारला.

अजून एक गोष्ट, जी कमी बोलली जाते. या स्लाइडवर सिग्निफिकंट (वर मी त्याला बरंच म्हटलंय) हा शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा येतो. मॉडेल बरंच जास्त दाखवतं, बरीच ऊर्जा लागते, बरंच नुकसान, परत बरंच नुकसान, बरीच बाहेर. प्रत्येक ठिकाणी तिथे आकडा असायला हवा होता. कारण दीडपट जास्त म्हणजे पण बरंच आणि 640 पट म्हणजे पण बरंच, वाचणाऱ्याला दोन्ही एकाच उंचीचे दिसतात. तसंच त्या 200 फूट प्रति सेकंदाचं. चाचणीतला वेग दिलाय, पण आपला तुकडा किती वेगाने आणि कोणत्या कोनात आला हे त्याच्या शेजारी नाही, मग त्या 200 चं वाचणाऱ्याने करायचं काय? तुलनेचा एकच पाय दिला की ती तुलना होतच नाही, नुसता आकडा होतो.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्लाइडवर मागणी काहीच नाही. तुम्ही आमच्यासाठी हे ठरवा, हे द्या, अमुक वेळेपर्यंत द्या, असं एक अक्षर नाही. निर्णय घेणाऱ्याला स्लाइड देऊन त्याच्याकडून काहीच मागितलं नाही तर तो गृहीत धरतो की ही माहितीसाठी आहे.

मग कशी मांडता आली असती

नंतर बसून बोलणं सोपं असतं हे मला मान्य आहे, आणि ती टीम किती कमी वेळात, किती दबावाखाली काम करत होती हेही. त्यामुळे त्यांना दोष द्यायला म्हणून नाही, आपल्याला शिकायला म्हणून तीच माहिती परत मांडून बघू. नवीन काहीही न घालता, त्यांच्याकडे त्या दिवशी जे होतं तेवढंच.

शीर्षक: आपलं मॉडेल या तुकड्याबद्दल काहीच खात्रीने सांगू शकत नाही.

पहिली ओळ: मॉडेल ज्या चाचण्यांवर बेतलंय त्यातले तुकडे 3 घन इंचाचे होते, पंखावर लागलेला तुकडा सुमारे 1920 घन इंचाचा आहे, म्हणजे 640 पट.

दुसरी: लहान तुकड्यांच्या बाबतीत मॉडेल नेहमी जास्त नुकसान दाखवतं हे खरं आहे, पण मोठ्या तुकड्यांच्या बाबतीत ते तसंच वागेल याचा कुठलाही पुरावा आपल्याकडे नाही.

तिसरी: चाचण्यांत एवढं दिसलंय की एकदा वरचा थर फुटला की ऊर्जेतल्या थोड्या फरकानेही नुकसान खूप वाढतं.

चौथी: म्हणून पंखाचे फोटो बघितल्याशिवाय सुरक्षित आहे किंवा नाही यातलं काहीच आम्ही सांगू शकत नाही, फोटोंची मागणी आज परत उघडावी.

चार वाक्यं. यात टीमचं शीर्षक (मॉडेल सावध आहे) दुसऱ्या ओळीत आलंय, आणि ते मुद्दाम. कारण खोलीतल्या कुणाच्या तरी मनात ते येणारच, अहो पण क्रेटर तर नेहमी जास्तच दाखवतं ना? आपल्या विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा आपणच मांडायचा आणि तिथेच त्याचं उत्तर द्यायचं. तो आपण मांडला नाही तर दुसरा कुणीतरी मांडतो, आणि तेव्हा आपलं उत्तर बचाव केल्यासारखं वाटतं. पटवून देण्यातला हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात, त्यांना वाटतं आपणच आपली बाजू कशाला कमजोर करायची. उलट आहे. ऐकणारा हुशार असेल तर तो मुद्दा त्याला सुचलेलाच असतो आणि तुम्ही तो घेतला नाही की त्याचा उरलेल्या सगळ्यावरचा विश्वास कमी होतो.

एक शंका इथे रास्त आहे. निष्कर्ष आधी सांगा हा नियम प्रत्येक वेळी चालतो का? माझ्या मते नाही. ऐकणाऱ्याचं मत कोरं असेल किंवा तुमच्याच बाजूचं असेल तर निष्कर्ष आधी, बिनधास्त. पण समोरची अख्खी खोली उलट मताची असेल, जशी इथे होती, तर पहिल्याच ओळीत मॉडेल निकामी आहे म्हटलं की लोक खुर्चीत मागे टेकतात आणि ऐकणं बंद करून तुमची चूक शोधायला लागतात. अशा वेळी मी तरी पहिल्यांदा ती गोष्ट ठेवेन जी कुणीच नाकारू शकत नाही, म्हणजे 3 आणि 1920 हे दोन आकडे शेजारी शेजारी, मोजपट्टीवर काढलेले दोन ठोकळे असतील तर अजून उत्तम. मग एक सेकंद थांबून प्रश्न, एवढ्याशा तुकड्यावरून एवढ्या मोठ्याबद्दल आपण बोलू शकतो का? निष्कर्ष तिथे लोक स्वतःच काढतात. पण हे सगळं पहिल्या मिनिटात झालं पाहिजे. निष्कर्ष शेवटच्या स्लाइडवर ठेवून तिथपर्यंत सस्पेन्स वाढवणं हे कामाच्या प्रेझेंटेशनमध्ये मला अजिबात पटत नाही, कारण शेवटच्या स्लाइडपर्यंत जायच्या आत निम्म्या मीटिंग संपतात.

हेच आपल्या ऑफिसात

विषय यानाचा असला तरी रचना रोजची आहे. समजा एखादी टीम नवीन सिस्टीम चालू करण्याआधी लोड टेस्टबद्दल, म्हणजे एकाच वेळी खूप लोक वापरायला लागले तर सिस्टीम टिकते का या चाचणीबद्दल, प्रेझेंटेशन देतेय. शीर्षक, लोड टेस्टचे निकाल समाधानकारक. खाली, रिस्पॉन्स टाइम मर्यादेत, मेमरी मर्यादेत, दोन किरकोळ बग बंद केले, एका मॉड्यूलमध्ये किंचित वेळ लागतो पण स्वीकारण्यासारखा. आणि तळाला, टेस्ट 50 युजरवर केली, अपेक्षित युजर 20,000. कुणीही खोटं बोललेलं नाही. सगळी माहिती दिलेली आहे. आणि चालू केल्याच्या दिवशी सिस्टीम बसली की टीम म्हणणार आम्ही तर लिहिलं होतं, आणि मॅनेजर म्हणणार मला कुणी सांगितलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असणार. लिहिलं होतं आणि सांगितलं यातलं हे जे अंतर आहे ते भरून काढणं ही मांडणाऱ्याची जबाबदारी आहे असं माझं ठाम मत आहे, ऐकणाऱ्याची नाही, कारण कुठली ओळ भारी आहे हे फक्त मांडणाऱ्यालाच माहीत असतं.

यावर मला एकच सवय खरोखर कामाची वाटते. स्लाइड उघडायच्या आधी आपलं म्हणणं साध्या परिच्छेदात लिहून काढायचं, पूर्ण वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'म्हणून', 'पण', 'कारण', 'तरीही', 'उदाहरणार्थ' यापैकी काय बसतं ते लिहायचंच असं ठरवायचं. जिथे काहीच बसत नाही ते वाक्य बहुतेक वेळा तिथे नकोच असतं. जिथे 'पण' बसतो तिथे थांबायचं आणि बघायचं की हा 'पण' किती मोठा आहे, तो शेजारच्या एका वाक्याला मर्यादा घालतोय की अख्खा निष्कर्ष उलटवतोय? उलटवत असेल तर तो 'पण' शीर्षकात जातो. तयार डेक, म्हणजे स्लाइडचा अख्खा संच, तपासतानाही हेच करता येतं, फक्त शीर्षकं एकाखाली एक काढायची आणि मध्ये हे जोडशब्द घालून मोठ्याने वाचायची. लोड टेस्टचे निकाल समाधानकारक, म्हणून सोमवारी चालू करू, पण टेस्ट 50 युजरवर होती. बोलताना जीभच अडखळते तिथे.

अमेझॉनने 2004 मध्ये वरिष्ठांच्या बैठकांमधून पॉवरपॉइंट काढून त्या जागी सलग लिहिलेल्या नोट्स आणल्या आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी त्या शांतपणे वाचायच्या असा रिवाज ठेवला, त्यामागचा विचार याच जातीचा आहे, सलग वाक्यांत लिहिताना मुद्द्यांचा एकमेकांशी संबंध टाळता येत नाही. प्रत्येक ठिकाणी हे शक्य नसतं, बहुतेक कंपन्यांत साचा ठरलेला असतो आणि वरून तोच मागतात. चालेल. परिच्छेद स्वतःसाठी लिहा, स्लाइड त्यातून काढा, आणि शीर्षकात विषयाचं नाव टाकण्याऐवजी पूर्ण वाक्य टाका. लोड टेस्टचा आढावा हे विषयाचं नाव झालं. 50 युजरवरची टेस्ट 20,000 युजरबद्दल काही सांगत नाही, हे वाक्य झालं, आणि याच्याशी कुणी सहमत किंवा असहमत होऊ शकतं.

तोंडी सारांशाचा धोका

या प्रकरणातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग स्लाइडच्या पुढचा आहे. अंतिम बैठकीतल्या लोकांनी हे सगळं विश्लेषण टीमच्या तोंडून ऐकलंच नाही. त्यांनी ऐकला तो एका मॅनेजरने थोडक्यात सांगितलेला सारांश, आणि तोही इतर अनेक विषयांच्या रांगेत. टीमने आपल्या निष्कर्षांना ज्या अटी आणि जी गृहीतकं लावली होती ती या प्रवासात गळून पडली. यात कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. दुसऱ्याचं म्हणणं थोडक्यात सांगताना माणूस शीर्षक सांगतो आणि शेवटचा निष्कर्ष सांगतो, मधलं सोडतो. आपण सगळेच असं करतो.

म्हणजे प्रेझेंटेशन खोलीतल्या माणसांसाठी तर बनवायचंच, पण त्या खोलीतून बाहेर पडून दुसऱ्या खोलीत ते सांगणाऱ्या माणसासाठीही बनवायचं. त्याच्या हातात एक असं वाक्य द्यायचं ज्यातून अट काढताच येणार नाही, काढली तर वाक्यच मोडेल. नुकसान मर्यादित असेल असा अंदाज आहे, मात्र चाचण्यांचा डेटा मर्यादित आहे, या वाक्यातला 'मात्र'च्या पुढचा भाग गळतो आणि पहिला भाग व्यवस्थित जिवंत राहतो. तेच, फोटो बघितल्याशिवाय आम्ही सुरक्षित म्हणू शकत नाही, यातून काहीच कापता येत नाही, दोन्ही तुकडे एकमेकांत अडकलेले आहेत. अनिश्चितता मागे शेपटासारखी लावली की ती तुटते, क्रियापदात घातली की टिकते. आणि जमलं तर प्रेझेंटेशन संपल्यावर सरळ विचारायचं, सर, तुम्ही पुढच्या मीटिंगमध्ये हे कसं सांगाल? विचारायला जरा अवघड वाटतं, वरिष्ठ असेल तर जास्तच, पण त्याच्या उत्तरात तुमची अट नसेल तर तुमचं प्रेझेंटेशन अजून पूर्ण झालेलं नाही.

एवढं सगळं लिहून एक गोष्ट स्पष्ट करायलाच हवी. कोलंबिया एका स्लाइडमुळे पडलं नाही. चौकशी मंडळाने तांत्रिक कारण फोमचा तुकडा हेच ठरवलं आणि त्याच्या जोडीने संस्थेच्या कामाच्या पद्धतीला, वेळापत्रकाच्या दबावाला, खालून येणारी शंका वर न पोचण्याला जबाबदार धरलं. फोटोंची मागणी तर स्लाइड सादर व्हायच्या आधीच रद्द झाली होती, आणि ती स्लाइड ज्या टाइल्सबद्दल बोलत होती त्याऐवजी तुकडा पंखाच्या पुढच्या कडेवरच्या कार्बनच्या पॅनेलवर लागला होता. 7 जुलै 2003 ला तशाच पॅनेलवर फोमचा तुकडा मारून चाचणी केली तेव्हा सुमारे 16 इंचांचं भोक पडलं. त्यामुळे स्लाइड नीट असती तर सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच म्हणता येणार नाही. पण त्या सकाळी खोलीत बसलेल्या माणसांना आपल्याला काय माहीत नाही हे नीट कळलं असतं एवढं नक्की म्हणता येतं, आणि मांडणाऱ्याच्या हातात तेवढंच असतं.

मंडळाने अजून एक निरीक्षण नोंदवलंय. चौकशी चालू असतानाही नासाकडून त्यांच्याकडे तांत्रिक रिपोर्टच्या जागी पुन्हा पुन्हा अशाच प्रेझेंटेशनच्या स्लाइड येत राहिल्या, आणि हे बघून त्यांना आश्चर्य वाटलं. म्हणजे स्लाइड बोलताना आधाराला म्हणून होती ती हळूहळू कागदपत्राची जागा घेऊन बसली होती. तुमच्याकडेही डेक मेलवर फॉरवर्ड होत असेल आणि मीटिंगला नसलेले लोक त्यावरून निर्णय घेत असतील, तर तो परिच्छेद, जो तुम्ही स्वतःसाठी लिहिला होता, तो डेकच्या पहिल्याच पानावर टाका. कुणी म्हणेल की स्लाइडवर इतका मजकूर नको. तरी टाका, मागचे पंचवीस चार्ट न उघडणारा माणूसही ते एक पान वाचतो.